कुंड्या मोजल्या, फवारा कुणी पाहिला?

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला स्वतःपुरती गांजाची तीन रोपं घरात वाढवता येतात. कॅनडात ही मुभा ऑक्टोबर २०१८ पासूनची; घरटी चार रोपं, काही प्रांतांचा विरोध असला तरी. (आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार असली कुंडी थेट तुरुंगात पोचवते, तेव्हा बाल्कनीवाल्यांनी उत्साह आवरावा.) रोपं किती, घरात माल किती ग्रॅम, मुलांच्या हाती लागू नये म्हणून काय करायचं, हे सगळं कायद्यात आलं. पण कुंडीत कीड पडल्यावर मालक काय फवारतो, हे बघायला कुणी जात नाही.

आणि कीड पडतेच. थंडीत दारं-खिडक्या बंद, हीटर चालू, हवा कोरडी ठाक. लाल कोळ्याला याहून चांगलं माहेर कुठलं? आपल्याकडे भेंडी-वांग्यावर येणारा हाच तो. पानाच्या वरच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके दिसतात. पान उलटं करून भिंग धरलं की खाली आठ पायांचे, पाठीवर दोन काळे डाग असलेले जीव आणि काचेच्या मण्यांसारखी गोल अंडी. जाळी दिसू लागेपर्यंत उशीर झालेला असतो, कारण उबदार खोलीत त्यांची पिढी आठवडा-दीड आठवड्यात तयार होते. त्यामानाने कुंडीभोवती घोंगावणारी बारीक काळी चिलटं साधी. पाणी कमी करावं, वरची माती सुकू द्यावी, पिवळे चिकट सापळे लावावेत, बहुतेकदा भागतं.

घाबरलेला मालक मात्र गुलाबासाठी आणलेली बाटली उचलतो. तिथेच घात होतो.

भेंडी आपण धुतो, शिजवतो. गांजाची फुलं धुतली जात नाहीत; ती जाळून थेट फुप्फुसात जातात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, काचेच्या साध्या पाइपमधून ओढल्यास कीटकनाशकाच्या अवशेषांपैकी ६० ते ७० टक्क्यांपर्यंत भाग धुरात उतरल्याचं आढळलं. मायक्लोब्युटानिल हे बुरशीनाशक द्राक्षावरच्या भुरीसाठी आपल्याकडेही वापरतात. तेच जळलं तर हायड्रोजन सायनाइड तयार होऊ शकतं. हे रसायन सापडल्यामुळे कॅनडातल्या परवानाधारक उत्पादकांना माल परत बोलवावा लागला, आणि पुढे २०१९ पासून सरकारने त्यांच्यावर कीटकनाशकांची तपासणी सक्तीची केली. कोलोरॅडोत २०१५ साली अशाच कारणाने हजारो झाडं अडकवून ठेवली गेली. तिथला पेच आणखी वेगळा. केंद्रीय कायद्याने पीकच बेकायदा, म्हणून गांजावर वापरायचं म्हणून मंजूर झालेलं औषधच नव्हतं!

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला हे सांगावं लागत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अवशेषांवरून युरोपने माल नाकारला, तेव्हापासून फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे हे त्याला तोंडपाठ असतं. बर्लिनमधल्या हौशी माणसाला ते कोण शिकवणार?

उपाय आहेत, आणि ते बाटलीतलेच आहेत. फक्त बाटलीत विष नसून जीव असतात. फायटोसियुलस नावाचा भक्षक कोळी लाल कोळ्यावरच जगतो. भक्ष्यापेक्षा चपळ, नारिंगी रंगाचा. पानांवर सोडला की अंड्यांसकट फडशा पाडतो आणि खाणं संपलं की स्वतःही संपतो. हवा फार कोरडी असेल तर मात्र त्याचं चालत नाही, म्हणून खोलीत थोडी आर्द्रता हवी. रोप लहान असताना पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुणं किंवा साबणद्रावण मारणंही चालतं. कडुनिंबाचं तेल ‘नैसर्गिक’ म्हणून फुलांवर मारणाऱ्यांनी ते तेलही धुरातूनच येणार, हे ध्यानात घ्यावं. फुलं धरल्यावर कोळ्यांची जाळी पसरली, तर झाड पिशवीत बांधून कचऱ्यात टाकणं हाच शहाणपणा, मग त्यावर महिने गेलेले का असेनात.

जर्मनीत गांजाचे लागवड संघ लोकांना महिन्याला सात बिया किंवा पाच कलमं देऊ शकतात. त्याच पाकिटात एक साधी चिठ्ठी घालण्याची सक्ती करावी, काय फवारायचं नाही त्याची. आणि घरच्या मालाचा नमुना माफक दरात तपासून देणारी प्रयोगशाळा प्रत्येक मोठ्या शहरात असावी. परवानगी देताना सरकारने ग्रॅमपर्यंत हिशेब केला होता. त्या मानाने हे काम फार मोठं नाही.