माकड एक पुरे होते

आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी गेली सहा वर्षे आहे. कार्यकारिणीवर यायला लागणारी पात्रता माझ्यात पुरेपूर आहे. म्हणजे मी निवृत्त आहे आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळात घरी माझी अडचण होते. महिन्यातून एकदा सभा भरते. चहा वाचनालयाचा, मतभेद ज्याचे त्याचे. विषयही ठरलेले : गळणारे पत्रे, वाळवी आणि थकलेली वर्गणी. (थकवणाऱ्यांत कार्यकारिणीचे किती, हा पोटविषय कोणी काढत नाही.) गेल्या सभेत मात्र चिटणीसांनी नवाच विषय आणला. 'बालविभागातील पुस्तकांचे विद्रूपीकरण.' विद्रूपीकरण हा शब्द त्यांनी अशा काही आवाजात उच्चारला की मला वाटले, कोणी शूर्पणखेसारखे पुस्तकाचे नाकच कापले असावे.

पुरावा म्हणून त्यांनी टेबलावर एक पुस्तक ठेवले. एनिड ब्लायटनबाईंच्या 'फेमस फाइव्ह' मालिकेतले एकविसावे आणि शेवटचे, 'फाइव्ह आर टुगेदर अगेन'. त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर निरनिराळ्या हस्ताक्षरांत पेन्सिलीने मजकूर होता. चिटणीसांनी तो आरोपपत्र वाचावे तसा वाचून दाखवला.

"जादूगार आला तेव्हाच मला कळलं."

त्याखाली, "मला त्याच्या आधी."

मग, "टिमी छान. बाकी बोअर."

"जॉर्ज एकटी बेटावर जाते तेवढंच भारी."

आणि सगळ्यांच्या खाली, गोल गोल, जोर देऊन लिहिलेल्या अक्षरांत, "माकड एक पुरे होते."

मी हसलो. ते इतिवृत्तात नोंदले गेले असावे.

ज्यांनी हे पुस्तक वाचलेले नाही किंवा ज्यांना इंग्रजी शाळेत जाणारी नातवंडे नाहीत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ज्युलियन, डिक, ॲन आणि जॉर्ज ही चार मुले (यातली जॉर्ज ही मुलगी, आणि तिला मुलगी म्हटलेले खपत नाही) आणि टिमी हा कुत्रा, असे हे पाच. सुट्टी लागली की यांच्या वाटेत चोर, चोरवाटा आणि दरोडेखोर येतात. आमच्या वाटेत सुट्टीत फक्त मामाचे गाव यायचे. तर या शेवटच्या पुस्तकात स्वयंपाकीणबाई जोॲना हिला नेमका स्कार्लेट फीव्हर होतो, म्हणून मुलांची रवानगी एका शास्त्रज्ञाच्या घरी होते. शास्त्रज्ञाचा मुलगा टिंकर, त्याचे माकड मिस्चीफ. शेजारच्या शेतात सर्कस उतरलेली. सर्कशीत चार्ली नावाचा चिंपांझी आणि वू नावाचा जादूगार. हा जादूगार मोठमोठे हिशेब तोंडी करतो. इकडे शास्त्रज्ञाच्या मनोऱ्यात आकडेमोडीचे गुप्त कागद. उंच मनोरा, आकड्यांत मुरलेला जादूगार आणि चढण्यात पटाईत चिंपांझी! आता बोला! चोर कोण हे ओळखायला गुप्तहेर कशाला हवा? आमच्या शिपायाला विचारा.

माकडाचे म्हणाल, तर टिंकर आणि मिस्चीफ ही जोडी १९६१च्या 'फाइव्ह गो टु डीमन्स रॉक्स' या पुस्तकात येऊन गेलेली. दोनच वर्षांनी बाईंनी ती पुन्हा बोलावली आणि शिवाय वर एक चिंपांझी आणला. 'माकड एक पुरे होते' या चार शब्दांत कथेच्या रचनेवरचा जो मार्मिक अभिप्राय आहे, तो द्यायला आमच्याकडच्या समीक्षकाला चाळीस पाने, आणि त्यातली बारा प्रस्तावनेला लागली असती.

चिटणीसांचे म्हणणे तीन कलमी होते. एक, पुस्तक सार्वजनिक मालमत्ता आहे. दोन, एवढ्या थोर लेखिकेबद्दल पोरांनी असे लिहिणे हा उद्धटपणा आहे. तीन, हे वाचून पुढची मुले पुस्तक नेणार नाहीत. सबब सर्व मजकूर खोडरबराने पुसावा आणि संबंधित बालसभासदांना दंड करावा.

पहिले कलम मला मान्य आहे. पुस्तकात लिहू नये. पण मग कथाकादंबऱ्यांच्या कपाटातल्या पुस्तकांत जी हिरव्या शाईची अधोरेखिते आहेत त्यांचे काय? 'किती खरे!', 'अगदी अस्सेच!!' असे शेरे मारणारे सभासद चांगले पेन्शनर आहेत. गेल्या वीस वर्षांत त्यांच्यावर कोणी खोडरबर उगारलेला नाही. म्हणजे चिटणीसांना राग पेन्सिलीचा नव्हताच. 'किती छान' असे लिहिले असते तर त्यांनी ते पान वार्षिक अहवालात छापले असते. राग होता तो मताचा.

दुसऱ्या कलमाला मी तिथल्या तिथे विरोध केला. थोर लेखिका, कबूल. शेकड्यांनी पुस्तके लिहिली. डोळे मिटले की पात्रे समोर दिसू लागतात आणि आपण फक्त टाइप करीत जातो, असे सांगणारी बाई. तिच्या कथा मुलांच्या वाचनाच्या लायकीच्या नाहीत असे ब्रिटनमधले शिक्षक आणि ग्रंथपाल डोळे वटारून म्हणत. बीबीसीनेही तिला वर्षानुवर्षे दारात उभे केले नाही. यावर बाईंचे उत्तर प्रसिद्ध आहे. बारा वर्षांवरच्या टीकाकारांच्या मतांशी आपल्याला काही कर्तव्य नाही, असे त्या म्हणत. "म्हणजे चिटणीससाहेब," मी म्हणालो, "या पुस्तकावर बोलण्याचा अधिकार या खोलीत कोणालाच नाही. ज्यांना आहे त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलंय."

चिटणीस म्हणाले, "तुम्हाला प्रत्येक गोष्टीत विनोदच सुचतो."

हे खरे नाही. माझ्या तिसऱ्या विनोदी लेखसंग्रहात मला एकही सुचलेला नव्हता. हे मला आज कळते. तेव्हा कळले नाही, कारण कोणी सांगितलेच नाही. प्रकाशनसमारंभात चार वक्ते बोलले. चौघांनीही पुस्तकाला मैलाचा दगड म्हटले. (मराठीत आता इतके मैलाचे दगड झाले आहेत की चालायला रस्ता उरलेला नाही.) मित्रांनी "वाचतोय, वाचतोय, मजा येतेय" असे दोन वर्षे सांगितले. एका जवळच्या मित्राकडची प्रत मला पुढे रद्दीवाल्याकडे मिळाली. पान तेराशी बसचे तिकीट खुणेला ठेवलेले होते. त्या तिकिटाइतका प्रामाणिक अभिप्राय त्या पुस्तकाला दुसरा मिळाला नाही. पण तो हाती आला तोवर चौथा संग्रह, हुबेहूब तिसऱ्यासारखा, छापून झाला होता. एखाद्या पोराने मागच्या पानावर 'लेख बारा, विनोद दोन' एवढे लिहिले असते तर निदान चौथ्याची झाडे वाचली असती.

तिसरे कलम तर साफ चुकीचे. कच्चे पुस्तक कच्चे आहे असे कळले की मुले वाचनापासून तुटतात, असे मोठ्यांना वाटते. तुटतात ती उलट कारणाने. मुलाला पुस्तक रटाळ वाटते आणि बाई सांगतात की ते फार सुंदर आहे, तेव्हा मूल असे धरून चालते की दोष आपल्यातच आहे, वाचन आपल्या जातकुळीचे नव्हे. आणि ते गुपचूप उठून जाते. 'बोअर' म्हणणारे मूल गेलेले नसते. ते भांडायला थांबलेले असते. चांगल्या पुस्तकाशी ताडून बघितल्याशिवाय कोणी वाईटाला वाईट म्हणत नाही. या मुलांनी १९४२चे पहिले पुस्तक वाचलेले आहे. 'फाइव्ह ऑन अ ट्रेझर आयलंड'. वादळ होते, आणि समुद्रतळाशी बुडालेले जुने गलबत त्या वादळाने उचलून खडकांवर आणून ठेवले जाते. मोठी माणसे पोचायच्या आत चार पोरे होडी वल्हवत तिथे जातात. ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली त्या डोक्याकडून एकवीस वर्षांनी दोन माकडांवर भागवून घ्यायला पोरे तयार नाहीत. याला मी उद्धटपणा म्हणत नाही. यापेक्षा मोठा मान लेखकाला कोणी देत नाही.

चिटणीस थांबले नाहीत. कुठून तरी माहिती काढून ते पुढच्या दिवशी घरीच आले. म्हणाले, "अखेरच्या वर्षांत बाईंची स्मृती गेली होती म्हणे. पासष्टीच्या पुढे होत्या. आता तरी पुसाल?"

हे खरे आहे, आणि इथे मी जरा गडबडलो. बाईंच्या शेवटच्या काळात स्मृतिभ्रंशाने त्यांना ग्रासले. १९६३ साली हे पुस्तक आले, १९६८ साली त्या गेल्या. म्हाताऱ्या माणसाला विसरण्यावरून बोलणे मला जमत नाही. मी स्वतः चष्मा कपाळावर ठेवून शोधतो. पण माझी दहा वर्षांची नात तिथेच अभ्यास न करता बसलेली होती. तिने विचारले, "मग तिला कुणी सांगितलं का नाही, की आता राहू दे म्हणून?"

चिटणीसांनी चहा संपवला.

का नाही सांगितले? कारण मालिका खपत होती. बाईंच्या मनात मुळात सहा-आठ पुस्तकांचाच बेत होता, वाचकांनी मागितली म्हणून ती एकवीस झाली. पहिल्या पुस्तकात बारा वर्षांचा असलेला ज्युलियन इतक्या सुट्ट्यांचा हिशेब धरला तर एव्हाना लग्नाचा झाला असता. पण खपणाऱ्या मालिकेत कोणाचे वय वाढत नाही, फक्त लिहिणाराचे वाढते. नंतरच्या प्रकाशकांना २०१० साली दोष सापडला तोही भाषेत. त्यांनी जुने शब्द काढून नवे घातले, मुलांना ते रुचले नाही, आणि २०१६ साली मुकाट्याने जुन्या भाषेवर परतले. माकडांना मात्र कोणी हात लावला नाही. मोठ्यांचे हे असे. आजारपण झाकायचे, खप मोजायचा, आणि लहानांनी तोंड उघडले की उद्धट म्हणायचे. बाईंची कीव करून पुस्तक वाखाणणे हा मला जास्त मोठा अपमान वाटतो. त्या पेन्सिलवाल्या पोरांनी त्यांना शेवटपर्यंत धडधाकट लेखिका म्हणून वागवले.

अखेर कार्यकारिणीने बहुमताने खोडरबर मंजूर केला. विरोधात एक मत. आणि विरोध करणाऱ्यावरच काम सोपवायचे, या थोर परंपरेनुसार पुस्तक आणि खोडरबर दोन्ही माझ्याकडे आले. खोडरबराची पावती जोडलेली आहे.

नात म्हणाली, "आजोबा, नका ना पुसू. आम्ही पुस्तक घ्यायच्या आधी शेवटचं पान बघतो."

"आणि वाईट लिहिलेलं असलं तर?"

"तर नेतोच. खरंच एवढं वाईट आहे का, बघायला."

म्हणून रात्री चष्मा (कपाळावरचा) लावून मी ते पान पुन्हा नीट पाहिले. तारखांची चिठ्ठी भरगच्च होती. शेजारच्या आदर्श बोधकथांची चिठ्ठी मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन पाहिली, ती कोरी होती. आणि माकडांच्याही खाली, अगदी तळाशी, सभेत चिटणीसांना न दिसलेली एक फिकट ओळ होती. कोणा लहान मुलाची. वेलांट्या उलट्या होत्या.

"याच्या पुढचं कुठाय?"

त्याला कोणीच उत्तर दिले नव्हते. मी खोडरबर टेबलाच्या खणात टाकला, नातीच्या दप्तरातून पेन्सिल काढली आणि खाली लिहिले, "पुढचं नाही. हेच शेवटचं. पहिलं पुन्हा ने, खालच्या कप्प्यात डावीकडे आहे."

डाव्या हाताने लिहिले. चिटणीस माझे अक्षर ओळखतात.