कॉरोनरचा निर्णय आणि आप्तांची हरकत

मृत्यूच्या कारणाविषयी कॉरोनरने एकदा निर्णय दिला म्हणजे आप्तांनी तो शिरोधार्य मानावा, कारण शोकाकुल मनाला पुराव्याची पारख उरत नाही, असा पक्ष अनेक सुज्ञ लोकही मांडतात. संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचे, मुंबईत 1999 पर्यंत नांदलेले हे पद इंग्लंडात आजही आहे. तेव्हा या पक्षाची परीक्षा तेथेच करावी.

15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो क्रीडांगणावर, फुटबॉलच्या सामन्यात झालेल्या चेंगराचेंगरीत जे बळी पडले, त्यांच्या चौकशीत कॉरोनर स्टेफन पॉपर यांनी, दुपारी सव्वातीनपूर्वीच सर्वांना प्राणघातक इजा झाली होती हे वैद्यकीय मत ग्राह्य धरून, त्यानंतरचा पुरावाच वर्ज्य केला, आणि 1991 साली ज्यूरीने ‘अपघाती मृत्यू’ असा निवाडा दिला. पंधरा वर्षांचा मुलगा गमावलेल्या ॲन विल्यम्स यांनी मात्र साक्षीदार हुडकले, जबान्या मिळवल्या आणि मुलगा चारच्या सुमारासही जिवंत होता असे प्रतिपादिले. त्यांचे अर्ज सरकारदरबारी वारंवार नामंजूर झाले. 2009 साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने तर तक्रार मुदतबाह्य ठरवली. आता शोकाने आंधळे कोण झाले होते? पुरावा गोळा करणारी आई, की पुराव्याकडे पाहण्याचेच नाकारणारे तटस्थ अधिकारी? सव्वातीनची मर्यादा घातल्यामुळे, पोलिसांनी व रुग्णवाहिकांनी त्यानंतर काय केले, कोणी वाचला असता काय, हा खरा प्रश्नच चौकशीबाहेर राहिला.

अंतिमत्वाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक निर्णय पुन्हा उकरला गेला तर मृतालाही शांती नाही आणि न्यायासनालाही, हे मान्य. परंतु अंतिमत्व पूर्ण चौकशीला शोभते, अर्धवट चौकशीवर मारलेल्या शिक्क्याला नव्हे. 2012 साली हिल्सबरोविषयीच्या स्वतंत्र मंडळाने दप्तरे तपासून 41 जण कदाचित वाचू शकले असते असे नमूद केले, त्याच डिसेंबरात उच्च न्यायालयाने जुने निवाडे रद्द केले, आणि 26 एप्रिल 2016 रोजी नव्या ज्यूरीने 96 जणांचा मृत्यू बेकायदा मनुष्यवधाने झाल्याचे बहुमताने ठरवले. ॲन विल्यम्स 2013 सालीच वारल्या होत्या.

पहिल्या चौकशीत पोलिसांचे वकील सरकारी खर्चाने उभे होते, तर आप्तांना वर्गणी काढून बॅरिस्टर नेमावा लागला. म्हणून आप्तांना हरकतीची मुभा आहे एवढे म्हणून भागणार नाही. पहिल्याच दिवशी त्यांना सरकारी खर्चाने वकील आणि संपूर्ण दप्तर मिळाले पाहिजे.