सवलत वेळेची की वाचनाची?

'नोकरी सांभाळून, घरबसल्या इंग्रजीत एम.ए. करा' अशा पाट्या आता तालुक्याच्या गावांतही दिसू लागल्या आहेत. त्यांवर प्राध्यापकवर्गात दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. पहिली नाक मुरडण्याची: ही कसली पदवी, ही तर पोस्टाने आलेली पदवी. दुसरी गहिवराची: ज्ञानगंगा दारोदारी पोचली, आता आणखी काय हवे? आम्हांस या दोन्ही प्रतिक्रिया आळशीपणाच्या वाटतात. अशा अभ्यासक्रमात नेमके काय वाचले जाते, हा प्रश्न दोन्ही पक्ष विचारीत नाहीत.

मराठीत एम.ए. करून मराठीच शिकवणाऱ्यांनी या वादात का पडावे, असे इंग्रजी विभागातले आमचे सहकारी विचारतील. विंदा करंदीकर, जी. ए. कुलकर्णी, विलास सारंग, भालचंद्र नेमाडे हे सारे इंग्रजीचे अध्यापक होते. 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) लिहिणारे रा. भा. पाटणकर इंग्रजीचेच प्राध्यापक. इंग्रजीच्या वर्गात जे मन लावून वाचले गेले, त्याचे पडसाद मराठी कवितेत, कथेत आणि समीक्षेत उमटत आले आहेत. तेव्हा त्या वर्गात वाचन थांबले, तर नुकसान आमचेही आहे.

प्रथम नाक मुरडणाऱ्यांविषयी. वर्गात न बसता पदवी मिळवणे ही काही आजची विकृती नव्हे. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच महाविद्यालयात न जाणाऱ्यांना आपल्या परीक्षांची दारे उघडली. आपले मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, तेही लंडनच्याच धर्तीवर. त्याचे मूळ काम परीक्षा घेण्याचे व पदव्या देण्याचे होते. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आले, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये. मान्यताप्राप्त दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांच्या तोडीच्या मानाव्यात, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. तेव्हा 'बहिःस्थ' हा शब्द शिवीसारखा वापरण्याचे आता कारण नाही.

आणि वर्गात तरी काय घडते? आम्ही वीस वर्षे वर्गात उभे आहोत, म्हणून हे लाजत का होईना सांगतो. आपण नोट्स उतरवून देतो, विद्यार्थी बाजारातले गाईड घेतात, परीक्षेत दरवर्षी तेच पाच प्रश्न फिरून येतात. मूळ कादंबरी न उघडता प्रथम श्रेणी मिळवलेले नियमित विद्यार्थी मराठीतही आहेत, इंग्रजीतही. ज्यांच्या स्वतःच्या वर्गात पुस्तक उघडले जात नाही, त्यांना घरी बसून शिकणाऱ्याला हिणवण्याचा काय अधिकार?

आता गहिवरणाऱ्यांविषयी. आमच्या ओळखीचे एक जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी आहेत. वय चाळिशीच्या आसपास. अशाच एका अभ्यासक्रमासाठी त्यांनी जॉर्ज एलियटची 'मिडलमार्च' वाचायला घेतली. रात्री मुले झोपल्यावर दहा-बारा पाने, असे करीत सहा-सात महिने. अभ्यासकेंद्रात बोलायला कोणी नाही, म्हणून रविवारी ते आमच्याकडे येत. डॉक्टर लिडगेट घराच्या सामानसुमानापायी कर्जात बुडतो, तो भाग वाचताना आपल्याला पतपेढीचे हप्ते आठवले, असे ते म्हणाले. पुढे म्हणाले, 'सर, हा माणूस वाईट नाही, त्याला फक्त वाटत होतं की पैशाचा विचार करणं आपल्यासारख्यांना शोभत नाही.' लिडगेटविषयी इतके नेमके वाक्य आम्ही कुठल्या गाईडात पाहिलेले नाही. हेच त्यांनी स्वाध्यायात, आपल्या मोडक्यातोडक्या पण स्वतःच्या इंग्रजीत लिहिले. त्यावर एक बरोबरची खूण आणि बेताचे गुण, एवढेच परत आले. त्यांच्या सोबतच्याने झेरॉक्सच्या दुकानातून 'सोडवलेला स्वाध्याय' विकत घेऊन उतरवला होता. त्याला त्यांच्यापेक्षा अधिक गुण पडले.

आमचा आक्षेप इथे आहे. लवचीकता म्हणून विद्यार्थ्याला वेळेची सवलत द्यायची होती. प्रत्यक्षात सवलत दिली गेली वाचनाची. वेळेची सवलत साहित्याला मारक नाहीच. 'मिडलमार्च' स्वतःच १८७१-७२ मध्ये आठ भागांत, वर्षभर प्रसिद्ध होत होती. तिचे पहिले वाचक तुकड्यातुकड्यांनी, मधल्या काळात आपापली कामे करीतच ती वाचत होते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांत पुरा करण्याची मुभा म्हणजे सावकाश वाचणाऱ्यासाठी वरदान. पण ज्या स्वाध्यायाचे उत्तर दुकानात मिळते, तो स्वाध्याय सावकाश वाचणाऱ्याला शिक्षा करतो आणि न वाचणाऱ्याला बक्षीस देतो. पुढे नेट आहेच. २०१२ पासून ती संपूर्ण बहुपर्यायी झाली. कोणती कादंबरी कोणत्या वर्षी आली हे ठाऊक असले की पुरे. ती कशी आहे हे कोणी विचारीत नाही. अशा रीतीने पुस्तक न उघडता पदवी आणि पदवीनंतर अध्यापकी हा मार्ग मोकळा होतो.

'खेड्यातल्या विद्यार्थ्याला मूळ इंग्रजी पेलत नाही, त्याला सारांश द्यावा' असे यावर सांगितले जाते. हे कनवाळूपणाचे सोंग आहे. गुरुजींना ते पेलले. पेलले नाही ते त्यांचे उत्तर वाचणे, आणि ते ज्यांना पेलले नाही ते खेड्यातले नव्हते.

उपाय खर्चाचे नाहीत. परीक्षेत मूळ पुस्तक जवळ बाळगू द्यावे आणि त्यातला एखादा उतारा देऊन त्यावरच प्रश्न विचारावा; मग बाजारातली तयार उत्तरे निरुपयोगी ठरतील. स्वाध्यायाचे विषय दर सत्राला बदलावेत. प्रत्येक विद्यार्थ्याशी वर्षातून एकदा, दूरध्वनीवर का होईना, वीस मिनिटे एका पुस्तकाविषयी बोलावे. स्वाध्याय तपासणाऱ्याला मिळणारे मानधन असे असावे की त्याला वाचायला लाज आणि न वाचायला भीती वाटू नये. आणि मराठी वाचकाने मराठी कादंबरीशी तुलना केली, तर ती विषयांतर समजू नये.

यातले काहीही करायचे नसेल, तर पाटीवर निदान खरे लिहावे: 'न वाचता एम.ए.' गुरुजी मग ती फी भरणार नाहीत. ते पुस्तक विकत घेतील आणि रविवारी आमच्याकडे येतील. असो. आमचे दार उघडे आहे, पण विद्यापीठाचे काम आमच्या ओसरीवर व्हावे, यात भूषण कोणालाच नाही.