कारागिराचा शेगडा आणि सुट्या भागांचा प्रश्न

उत्पादनसाधनांच्या मालकीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे गिरणी येते, साखर कारखाना येतो. पडवीतल्या टेबलावर बोल्टांनी आवळलेला शेगडा मात्र येत नाही. कारखान्यात त्यालाच व्हाइस म्हणतात. इचलकरंजीतील एका साथींच्या घरचा शेगडा अलीकडेच निकामी झाला.

हे साथी निवृत्त फिटर आहेत. यंत्रमागाचे किरकोळ भाग घासून-कापून देण्यावर त्यांचा चरितार्थ चालतो. एके दिवशी दांडा फिरवला तर स्क्रू नुसताच गरगरू लागला, जबडा जागचा हलेना. आतल्या नटाचे आटे झिजून गेले होते. बिडाचा सांगाडा शाबूत, स्क्रू शाबूत, बिघडला तो एक नट. दुकानदार म्हणाला, ‘नट सुटा मिळत नाही, काका. नवीनच घ्या, हजाराच्या आत येतो.’ त्यांच्याकडे आधीचाही एक मोडका शेगडा होता. त्याच दुकानातला, त्याच चार इंची मापाचा. त्याचा नट काढून लावून पाहिला, तर तोही बसेना.

हा योगायोग मानण्याइतके भोळे आपण राहू नये. १९२४ साली जिनिव्हात विजेच्या दिव्यांच्या कारखानदारांनी संगनमत करून दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणून ठेवले होते. शेगड्याच्या बाबतीत अशा कराराचीही गरज नाही. सुटा भाग विकायचाच नाही, एवढे ठरवले की पुरे. ही स्वस्ताई गरिबावरचा उपकार म्हणून मिरवली जाते; प्रत्यक्षात तोच गरीब एका वस्तूची किंमत पुनःपुन्हा मोजत राहतो.

कारागिरांचीही चूक आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. दांड्यात पाइप घालून जोर काढणे, सरकत्या जबड्यावर घण घालणे हे प्रकार सर्रास चालतात. बीड ठिसूळ असते. ते वाकत नाही, तडकते. काम संपल्यावर ब्रशने कीस झाडावा, स्क्रूला चार थेंब तेल द्यावे. यास दोन मिनिटे लागतात. झिजलेल्या जबड्यांच्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतील, तर साध्या पोलादाच्या घरीही करता येतात. नटाचे मात्र तसे नाही.

साथींनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौकशी केली. गनमेटलचा नट लेथवर करून मिळतो, पण आतले चौकोनी आटे पाडण्याची मजुरी, एकच नग असल्याने, जवळजवळ नव्या शेगड्याइतकी पडते. शंभर नग एकदम केले तर ती पुष्कळच उतरेल. पण शंभर शेगड्यांचे माप एक असेल तरच ना!

डॉ. लोहियांनी १९५२ साली पंचमढीत छोट्या यंत्राचा आग्रह धरला, त्याचे आपण स्मरण करतो. परंतु छोटे यंत्र ज्याच्या हाती आहे, त्याला त्याचा नट कोठून मिळावा, यावर आपल्या किती ठरावांत एक ओळ आहे? केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे व मोटारी ही क्षेत्रे तिच्यापुढे ठेवली. कारागिराच्या हातहत्यारांचे वेगळे नाव त्यांत नाही. नट आणि जबड्यांच्या पट्ट्या ठरावीक मापाच्या असाव्यात व सुट्या विकाव्यात, ही मागणी आपल्या कामगार आघाडीने करावयास हवी. आयटीआयच्या कार्यशाळांतून व औद्योगिक सहकारी संस्थांतून असे नट सहज होऊ शकतील.

साथींनी ती मजुरी देऊन नट करवून घेतलाच. जुन्या शेगड्याला भंगारवाल्याने बिडाच्या किलोचा भाव सांगितला होता. तो त्यांनी दिला नाही.