चाकांवरचे घर आणि मांजर

प्रवासाला निघताना मांजर आडवे गेले तर क्षणभर थांबून, घोटभर पाणी पिऊन मगच उंबरठा ओलांडण्याची रीत आपल्याकडील जुन्या पिढीने कसोशीने पाळली. उपद्रवी मांजराला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यावे आणि चौथ्या दिवशी ते पुन्हा चुलीपाशी अंग चाटत बसलेले दिसावे, हा अनुभवही गावोगावचा. मांजर आणि प्रवास यांचे जमत नाही, असे समाजाने आपल्यापुरते ठरवूनच टाकले होते. म्हणून अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुला-मुलींकडे जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना तेथील एक दृश्य चमत्कारिक वाटते. एखाद्या राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवर, झाडांच्या सावलीत, बसएवढी मोठी वाहने ओळीने मुक्कामाला उभी असतात. आणि त्यांतल्या एखाद्याच्या खिडकीत मांजर ऊन खात निवांत पसरलेले असते.

या वाहनास तेथे आर.व्ही. म्हणतात. ओटा, फ्रीज, बिछाने, स्नानगृह, पाण्याच्या टाक्या, गॅस अशी सारी व्यवस्था त्यात असते. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही आपली म्हण त्याला तंतोतंत लागू पडते. सुटीपुरते असे वाहन भाड्याने घेणारी कुटुंबे पुष्कळ. उत्तरेकडील निवृत्त जोडपी तर हिवाळा लागताच ॲरिझोना, फ्लोरिडा अशा उबदार प्रांतांकडे निघतात आणि वसंतात परततात. काहींनी राहते घर विकून बारमाही बिऱ्हाड चाकांवरच थाटलेले असते. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा अशी वाहने आपल्या घाटांतही दिसू लागतील. पण त्यात मांजर घेऊन हिंडण्याची रीत अजून तरी तिकडचीच.

ज्याचे घरच चालते, त्याने मांजर ठेवायचे कोठे, हा तेथला खरा प्रश्न. कुत्र्याला धनी जवळ असला की परका गावही आपला वाटतो. मांजराचे तसे नाही. त्याचा विश्वास माणसापेक्षा जागेवर अधिक. दाराची चौकट, पलंगाचा पाय, खुर्चीची कड यांना गाल घासून ते आपला गंध तेथे ठेवून देते आणि त्या गंधाने आखलेल्या वर्तुळात स्वतःला सुरक्षित मानते. मांजर पिलांना सात घरे दाखवते असे आपण म्हणतो. पण ती घरे तिने स्वतः हेरलेली असतात. कोणी उचलून आठव्या घरी नेले की तिचा थरकाप होतो. म्हणून मांजरासह प्रवास करायचा तर नुसते मांजर नेऊन भागत नाही, त्याची जागाही बरोबर न्यावी लागते.

चालते घर ही मांजराची जागा होऊ शकते, याचा उत्तम दाखला मोटारींच्या कितीतरी आधीचा आहे. इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्स याचा ट्रिम नावाचा काळा-पांढरा बोका १७९९ मध्ये भर समुद्रात, जहाजावरच जन्मला. पिलू असताना तो पाण्यात पडला, तेव्हा पोहत येऊन, सोडलेल्या दोराला धरून वर चढला, असे फ्लिंडर्सने लिहून ठेवले आहे. पुढे १८०१ ते १८०३ या काळात फ्लिंडर्सने जहाजातून ऑस्ट्रेलिया खंडाला प्रदक्षिणा घातली, त्यात ट्रिम बरोबर होता. त्याला समुद्राचे भय नव्हते, कारण त्याचे घर म्हणजे ते जहाजच. फ्लिंडर्सला फ्रेंचांनी मॉरिशसमध्ये कैदेत टाकले आणि तेथे, जमिनीवर, ट्रिम नाहीसा झाला. दोन महासागरांनी सांभाळलेले मांजर एका लहानशा बेटावर हरवले. कैदेतच १८०९ मध्ये फ्लिंडर्सने त्याची आठवण म्हणून एक छोटे चरित्र लिहिले.

आर.व्ही.त जन्मलेले मांजर क्वचितच कोणाच्या वाट्याला येते. म्हणून जाणती मंडळी प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधी वाहन घराच्या अंगणात आणून उभे करतात. मांजराची रोजची चादर न धुता तशीच आत नेतात, कारण तिचा वास हीच तिची किंमत. पहिले काही दिवस नुसते आत बसवून खाऊ घालणे, मग इंजिन सुरू करून जागीच उभे राहणे, मग गल्लीची एक फेरी, मग तासाभराची रपेट. ही घाई करण्याची गोष्ट नव्हे. सुटी चार दिवसांवर आली असताना वाहन भाड्याने आणायचे आणि त्याच दिवशी मांजर आत कोंबायचे, हा प्रकार सरळ क्रूरपणाचा आहे. आठ-दहा दिवसांच्या सहलीसाठी तर बहुतेक मांजरे घरीच, ओळखीच्या शेजाऱ्याच्या देखरेखीखाली, अधिक सुखी राहतात.

वाहन चालू असताना मांजर मोकळे सोडायचे नाही, हा पहिला दंडक. घाबरलेले मांजर अरुंद, अंधाऱ्या जागी शिरते. चालकाच्या पायांशी, ब्रेकखालची जागा नेमकी तशीच असते. म्हणून ते जाळीच्या पेटीत आणि पेटी पट्ट्याने घट्ट बांधलेली. मोठ्या आर.व्ही.ला मुक्कामी पोचल्यावर बाजूला सरकवून खोली रुंद करणारा भाग असतो. तो आतबाहेर करताना यंत्राच्या फटीत मांजर सापडले तर वाचत नाही. तेव्हा बटण दाबण्यापूर्वी प्रत्येक मांजर डोळ्यांनी पाहायचे. ‘असेल कुठेतरी’ हे उत्तर चालत नाही. आर.व्ही.धारकांत तीनाचा एक नियम रूढ आहे: दिवसाला तीनशे मैलांपेक्षा अधिक जाऊ नये, दुपारी तीनपर्यंत मुक्काम गाठावा, एका ठिकाणी निदान तीन दिवस राहावे. तो माणसांच्या थकव्यासाठी झालेला असला तरी मांजराला अधिकच मानवतो.

आता एक विषय, जो ऐकताना नाक मुरडले जाईल, पण बंद वाहनात टाळता येत नाही: मांजराच्या मलमूत्राची पेटी. तिच्यातील ‘लिटर’ नावाच्या मातीचा जन्म व्यापारी वाचकांना विशेष भावेल असा आहे. मिशिगन राज्यातील कॅसोपोलिस गावी एडवर्ड लो हा तरुण वडिलांच्या धंद्यात लाकडाचा भुसा, वाळू, चिकणमाती असा माल कारखान्यांना तेल-पाणी शोषण्यासाठी विकत असे. १९४७ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात एक शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली, कारण तिची वाळू गोठली होती आणि राख वापरावी तर घरभर काळी पावले उमटत होती. लोने तिला वाळूऐवजी दाणेदार शोषक माती दिली. आपण जिला मुलतानी माती म्हणतो, त्याच जातीची ती. बाई पुन्हा तीच मागायला आली, तेव्हा त्याने पाच पौंडांच्या दहा पिशव्या भरल्या, त्यांवर हाताने ‘किटी लिटर’ असे लिहिले आणि दुकानदाराला पासष्ट सेंटला विकायला सांगितले. वाळू जवळपास फुकट मिळत असताना हे कोण घेणार, असे दुकानदार म्हणाला. ‘मग तशीच वाटून टाका,’ हे लोचे उत्तर. फुकट नेलेले लोक पैसे घेऊन परतले. पुढे तो मोटारीत माल घालून मांजरांच्या प्रदर्शनांतून हिंडला आणि त्या मातीतून एक मोठा उद्योग उभा राहिला. आज लाखो मांजरे घराबाहेर न पडता चार भिंतींत राहू शकतात, त्यामागे गिऱ्हाइकाच्या अडचणीकडे नीट पाहणाऱ्या या माणसाचा वाटा मोठा आहे. हल्ली मिळणारी गोळा होणारी माती पाण्याने फुगते, ती आर.व्ही.च्या शौचकूपात टाकली तर मलटाकी बुजते आणि परमुलखात ती साफ करून घेणे खर्चाचे आणि लाजेचे होते. ती पिशवीत बांधून कचऱ्यातच टाकावी.

शाकाहारी घरांना मांजराच्या अन्नाचा प्रश्न अवघड जातो, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मांजर निसर्गतः मांसभक्षक आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते अन्नातून न मिळाल्यास दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू शिथिल होऊन प्रसरण पावतात, असे १९७० आणि १९८० च्या दशकांतील संशोधनाने दाखवून दिले. दूध-पोळीवर मांजर पोसले जाते ही समजूत चुकीची आहे. गावाकडच्या त्या मांजराची उरलेली भूक उंदीर भागवत होते. ज्या घराला हे अन्न हाताळणे मानवणार नाही, त्याने मांजर न आणणे हाच सरळ मार्ग. एकदा आणले की मग त्याचे अन्न, विशेषतः प्रवासाच्या तोंडावर, बदलू नये. धास्तावलेले मांजर खाणे सोडते, आणि दोन-तीन दिवसांच्या उपवासानेही त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते. माणसाला झेपणारा उपवास मांजराला झेपत नाही.

याहूनही जलद घात होतो तो उष्णतेने. अमेरिकेत उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की तासाभरात आतील तापमान सरासरी ४० अंश फॅरनहाइटने, म्हणजे सुमारे २२ अंश सेल्सियसने वाढते, आणि त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. बाहेर हवा आल्हाददायक असली तरी हेच घडते. आर.व्ही. मोठी असली तरी पत्र्याचीच. मुक्कामाच्या तळावर वीजजोडणी मिळते, वातानुकूलन चालू ठेवून मंडळी दरी पाहायला जातात. इकडे साऱ्या तळाची यंत्रे एकदम चालू झाल्याने विजेचा दाब घसरतो, खटका पडतो, आणि आत मांजर तोंड उघडून धापा टाकू लागते. मांजर कुत्र्यासारखे सहज धापा टाकत नाही. टाकू लागले तर ते संकटाचे चिन्ह. तापमान वाढताच मोबाइलवर संदेश पाठवणारी उपकरणे मिळतात, पण वाळवंटात नि दऱ्याखोऱ्यांत मोबाइलची रेंजच नसते. त्या दिवशी कोणीतरी एकाने मागे राहावे. दरी आळीपाळीने पाहता येते. राष्ट्रीय उद्यानांत पाळीव प्राण्यांचा पट्टा सहा फुटांहून लांब नसावा असा नियम आहे आणि बहुतेक पायवाटांवर त्यांना मज्जाव असतो. कोयोट हा कोल्ह्यासारखा प्राणी आणि मोठी घुबडे संध्याकाळी तळाभोवती फिरत असतात, हे पाहता नियम मांजराच्याही हिताचाच म्हणावा.

तरीही सर्वांत मोठे भय ऊन वा कोयोटचे नसून दाराचे आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये फ्लोरिडातील डेटोना बीच येथे आर.व्ही.धारकांच्या मेळाव्याला एक जोडपे हॉली नावाची चार वर्षांची मांजरी घेऊन गेले होते. रात्री क्षणभर दार उघडले आणि ती अंधारात निसटली. शोधाशोध करून, पत्रके लावून जोडपे हताश होऊन घरी वेस्ट पाम बीचला परतले. सुमारे दोन महिन्यांनी, वर्षाच्या अखेरच्या दिवशी, त्याच गावात त्यांच्या घरापासून मैलभर अंतरावरच्या एका परसात एक मरतुकडी मांजरी लोकांना दिसली. तिला म्याव करण्याचेही त्राण नव्हते. वजन निम्म्यावर आलेले, मागच्या पायांची नखे झिजून गेलेली. पशुवैद्याने कातडीखालची चिप वाचली, तेव्हा ती हॉली निघाली. अंतर होते जवळजवळ दोनशे मैल. प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी तोंडात बोट घातले आणि वृत्तपत्रांनी कौतुकाचे रकाने भरले.

कौतुकाच्या भरात एक गोष्ट मागे राहिली. हॉलीला परतायला वेस्ट पाम बीचमध्ये एक जागचे न हलणारे घर होते. ज्यांनी घर विकून चाके घेतली, त्यांच्या मांजराने कोठे परतायचे? त्याला ठाऊक असलेली शेवटची जागा म्हणजे तळावरचा तो चौकोन, जेथून वाहन दुसऱ्या दिवशी सकाळी निघून जाणार असते. म्हणून मांजर निसटले तर पहिले कर्तव्य हे की वाहन जागचे हलवू नये. पुढची आरक्षणे बुडाली तर बुडू द्यावीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार सापडलेल्या मांजरांपैकी ७५ टक्के मांजरे हरवल्या ठिकाणापासून ५०० मीटरच्या आतच मिळाली. घाबरलेले मांजर बहुधा दूर पळत नाही. शेजारच्या वाहनाखाली किंवा झुडपात दडून बसते आणि ओळखीचा आवाज ऐकूनही उत्तर देत नाही. त्याची चादर दाराबाहेर ठेवावी, आणि तळ झोपी गेल्यावर, रात्री दोन-तीन वाजता, बॅटरी घेऊन खाली वाकून पाहावे. अंधारात डोळे चमकतात. धावत जाऊन पकडू नये. जमिनीवर बसून अन्नाची वाटी हळूच वाजवावी.

तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या चिपबद्दल मात्र गैरसमज फार. ती मांजर कोठे आहे हे सांगत नाही. तिच्यात असतो तो केवळ एक क्रमांक. तो क्रमांक ज्या नोंदवहीत आहे, तेथे मालकाचा जुना, बंद पडलेला दूरध्वनी असेल तर चिप असून नसल्यासारखी. फिरत्या कुटुंबाला कायमचा पत्ता नसतोच, तेव्हा निघण्यापूर्वी आपला मोबाइल क्रमांक आणि जागेवर राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाचा क्रमांक, असे दोन्ही तेथे नोंदवून ठेवावेत.