संथ प्रवासाचे अर्थकारण

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, लिगुरिया प्रांतात, ‘चिंक्वे तेर्रे’ म्हणजे ‘पाच भूमी’ या नावाने ओळखली जाणारी पाच गावे आहेत. मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कॉर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही त्यांची नावे. येथे डोंगर सरळ भूमध्य समुद्रात उतरतो आणि त्याच्या कपारींत ही गावे वसली आहेत. या टोकाच्या गावाहून त्या टोकाच्या गावी रेल्वेने जाण्यास सुमारे वीस मिनिटे लागतात. डोंगरातील पाऊलवाटांनी तेच अंतर तोडण्यास पाच-सहा तास लागतात. कोणी कसे जावे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे, असे वरवर पाहता वाटेल. वस्तुतः त्या किनाऱ्याचे भवितव्य या दोन वेळांमधील तफावतीशी निगडित आहे, आणि म्हणूनच हा अर्थशास्त्राचा प्रश्न ठरतो.

ज्या सौंदर्यासाठी जग या गावांकडे लोटते, ते निसर्गाने फुकट दिलेले नाही. येथील शेतकऱ्यांनी शतकानुशतके खपून उभ्या कड्यांवर पायऱ्यापायऱ्यांची शेते तयार केली आणि त्यांवर द्राक्षे व ऑलिव्ह पिकविले. माती धरून ठेवण्यासाठी चुन्याचा वा सिमेंटचा कणही न वापरता, केवळ दगडावर दगड बसवून त्यांनी भिंती घातल्या. कोकणात ज्याला गडगा म्हणतात तोच हा प्रकार. ‘युनेस्को’ने 1997 साली हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत घेतला, तो डोंगर आणि माणसाचे श्रम यांच्या या मिलाफासाठी. परंतु गडग्याचा गुणधर्म असा की, तो दरवर्षी डागडुजी मागतो. एक दगड निखळला आणि वेळेवर बसविला नाही, तर पावसाळ्यात भिंत जाते; भिंत गेली की माती जाते; आणि माती खालच्या गावावर येते.

ही डागडुजी करणारे हात विसाव्या शतकात कमी होत गेले. जवळच्या ला स्पेत्सिया बंदरात आरमाराची गोदी झाली, 1874 साली जिनोआपासून रेल्वे आली, आणि उभ्या उन्हात दगड वाहण्यापेक्षा महिन्याचा पगार बरा असे तरुणांना वाटले. त्यांना दोष देता येणार नाही. पण त्याचे पर्यवसान काय होऊ शकते, हे 25 ऑक्टोबर 2011 रोजी दिसले. त्या दिवशीच्या भीषण पावसात डोंगर खाली आला, व्हेर्नात्सा व मोंतेरोस्सो येथे घरादुकानांचे तळमजले चिखलाने भरले आणि माणसे दगावली. पाऊस असाधारण होता हे खरे. परंतु ओस पडलेल्या शेतांनी त्याला वाट मोकळी करून दिली, हेही तितकेच खरे. पुढच्याच वर्षी रिओमाज्जोरे ते मानारोला या प्रसिद्ध ‘प्रेमाच्या वाटे’वर दरड कोसळून चार पर्यटक जखमी झाले. किलोमीटरभरही नसलेली ती वाट पूर्ववत खुली होण्यास 2024 साल उजाडले, आणि त्यासाठी दोन कोटी युरोंहून अधिक खर्च आला.

आता या खर्चाचा भार कोण उचलतो ते पाहू. पाचही गावांची मिळून लोकवस्ती चार हजारांहून कमी. येणारे पर्यटक मात्र वर्षाला लाखोंनी मोजावे लागतात. त्यांतील फार मोठा भाग सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्यांचा असतो. ला स्पेत्सियाला नांगर टाकणाऱ्या प्रवासी जहाजांतूनही हे लोंढे येतात. हा प्रवासी फलाटावर गर्दी करतो, वाट झिजवितो, कचरा टाकतो, एखादे आइसक्रीम घेतो आणि जातो. उलट जो चार रात्री राहतो तो तेथील खानावळीत जेवतो, तेथील शेतकऱ्याची वाइन विकत घेतो, आणि त्या द्राक्षांच्या किमतीत गडग्याच्या डागडुजीचा काही अंश असतो. एकाच्या सुखाचा भार दुसऱ्यावर पडतो तेव्हा बाजारातील किंमत खोटी ठरते, हे आम्ही वर्गात शिकवितो. त्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

याहून चमत्कारिक भाग कररचनेचा आहे. इटलीतील अनेक नगरपालिका पर्यटकांकडून कर घेतात तो रात्रीच्या मुक्कामावर. म्हणजे जो राहतो त्याला कर, आणि जो धावत येऊन धावत जातो त्याला माफी! ही विसंगती दूर करण्याचा पहिला ठळक प्रयत्न त्याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावर, व्हेनिसमध्ये झाला. तेथे 2024 साली गर्दीच्या निवडक 29 दिवशी, मुक्काम न करणाऱ्या पाहुण्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेण्यात आले. दिशा योग्य होती, पण रक्कम लहान होती. हजारो मैलांवरून आलेला माणूस पाच युरोंसाठी वेशीवरून परत फिरेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

आपण या प्रश्नापासून दूर आहोत असे समजू नये. मराठी मध्यमवर्गही आता सहलींच्या बसमधून युरोप पाहतो, आणि त्याचा हिशेब ठरलेला असतो : विमानभाड्याला एवढे पैसे गेलेच आहेत, तर जमतील तितकी शहरे पदरात पाडून घ्यावीत. या हिशेबात एक चूक आहे. भाडे एकदा दिल्यावर दुर्मीळ राहतात ते दिवस, आणि प्रत्येक नव्या शहरासाठी तेच खर्ची पडतात. नव्या गावातील पहिला दिवस सामान उचलण्यात व रस्ते शोधण्यात जातो. गावाची ओळख होते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. नेमक्या त्याच वेळी आपण बसमध्ये बसलेले असतो. आपली सरकारी रजा प्रवास सवलतदेखील तिकिटाचे भाडे देते, मुक्कामाचा खर्च देत नाही. अंतर मोजायचे आणि मुक्काम मोजायचा नाही, ही वृत्ती अशी सार्वत्रिक आहे.

संथ प्रवास ही सवडवंतांची चैन आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो पोकळ नाही. एके काळी भूमध्य समुद्राचा फ्रेंच किनारा हिवाळा घालविणाऱ्या इंग्रज उमरावांचाच होता. सामान्य कामगारास तेथे पोहोचविण्याची खरी सुरुवात झाली ती 1936 साली. लेआँ ब्लूम यांच्या सरकारने दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने दिली आणि तिच्या जोडीला स्वस्त रेल्वेतिकिटेही दिली. यातला बोध असा की, सवड ही कायद्याने वाटता येणारी वस्तू आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुक्कामी पाहुणे वाढले की घरमालक राहती घरे त्यांना भाड्याने देतात आणि गावच्या तरुण जोडप्यास खोली मिळत नाही. म्हणून संथपणाचा पुरस्कार करताना, किती घरे पाहुण्यांसाठी वापरावीत यावर मर्यादा घालावीच लागेल.

उपाय अवघड नाहीत. दिवसाच्या भेटीवर भरीव शुल्क असावे, मुक्काम वाढेल तसा रात्रीचा कर घटत जावा, जहाजांतून एका दिवशी उतरणाऱ्यांची संख्या ठरलेली असावी, आणि या उत्पन्नाचा निश्चित हिस्सा गडगे बांधणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती पडावा. दरवर्षी निखळणारा दगड वेळेवर बसविण्यास लागणारी मजुरी थोडी असते. ती वाचविण्याच्या नादात पुढे दरडीची किंमत मोजावी लागते.