डिस्पोजलच्या ट्रकाचा खरा हिशेब

लष्कराने मोडीत काढलेला मालवाहू ट्रक लिलावात घेणारा माणूस साधारणतः श्रीमंत नसतो. खडीच्या खाणीचा छोटा ठेकेदार, विहिरीच्या कामावर मुरूम वाहणारा, उसाच्या हंगामापुरती वाहतूक करणारा, अशांनाच हा व्यवहार आकर्षक वाटतो. नव्या ट्रकाच्या किमतीच्या अल्पशा अंशात दणकट सांगाड्याचे, चारही चाकांना जोर देणारे वाहन पदरात पडते. किंमत आणि खर्च या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा अर्थशास्त्राचा अगदी आरंभीचा धडा मात्र येथे विसरला जातो. आणि त्याची शिक्षा एकट्या खरेदीदारालाच होते असेही नाही.

‘डिस्पोजल’ हा शब्द आपल्याकडे रूढ झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४५ साली युद्ध थांबले तेव्हा दोस्त सैन्यांनी मागे ठेवलेल्या गाड्यांचे तांडेच्या तांडे येथील तळांवर उभे होते. अमेरिकेने पाच लाखांहून अधिक संख्येने बनविलेला जी.एम.सी.चा अडीच टनी ट्रक, कॅनडात तयार झालेल्या फोर्ड व शेव्हरोले, विलीज जीप, असा तो संसार होता. नव्या वाहनांची टंचाई असलेल्या त्या काळात या गाड्यांनी मोठीच गरज भागविली. पुढे १९५९ पासून जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याखाली जबलपूर येथे ‘शक्तिमान’ ट्रक बनू लागला आणि कित्येक दशके तो भारतीय सेनेच्या वाहतुकीचा कणा राहिला. त्याची जागा ‘स्टॅलियन’ने घेतली, तसतसा शक्तिमान लिलावांच्या आवारात दिसू लागला.

लष्करी परिभाषेत अशा गाडीवर ‘बी.ई.आर.’ असा शिक्का बसतो. दुरुस्ती आर्थिकदृष्ट्या परवडण्यापलीकडे गेली, असा त्याचा अर्थ. प्रश्न असा, की ती कोणाला परवडत नाही? सेनेच्या हिशेबात ऐन वेळी बंद पडलेल्या ट्रकाची किंमत फार मोठी असते. खासगी मालकाला एक दिवस काम बुडाले तर एका दिवसाचेच नुकसान होते. शिवाय गावचा मिस्त्री कमी मजुरीत काम करतो. तेव्हा सेनेला नकोसा झालेला ट्रक दुसऱ्याला खरोखर उपयोगी पडू शकतो. या व्यवहाराला मुळातच मूर्खपणा म्हणणारे टीकाकार ही गोष्ट लक्षात घेत नाहीत.

परंतु घसारा दोन प्रकारचा असतो, एक वापराचा आणि दुसरा काळाचा. लष्करी ट्रक वर्षानुवर्षे फारसा न धावता उभा असतो. मीटरवरचा आकडा लहान दिसतो आणि खरेदीदार हरखतो. रबराला मात्र मीटर कळत नाही. टायरच्या बाजूंना भेगा पडतात, ऑइल सील कडक होतात, ब्रेकच्या सिलिंडरातील वॉशर आखडतात, डिझेलच्या टाकीत पाणी साठते. पहिल्या सहा महिन्यांत या सर्वांवर होणारा खर्च हा वस्तुतः खरेदीच्या किमतीचाच भाग असून तो लिलावाच्या पावतीवर लिहिलेला नसतो, इतकेच.

इंधनाचे उदाहरण घ्यावे. समजा, साधा ट्रक लिटरला चार किलोमीटर जातो आणि पुढच्या आसाचे ओझे वागविणारा हा जुना ट्रक तीन. दिवसाला ६० किलोमीटर आणि वर्षाला २०० दिवस धरले, तर १२,००० किलोमीटरला हजार लिटर डिझेल जास्त लागते. लिटरला ९० रुपये भाव धरला तरी दरसाल ९० हजारांचा हा भुर्दंड होय. खाणीच्या चढावर किंवा चिखलात चार चाकांच्या जोराचे मोल तितके असेलही. डांबरी रस्त्यावर विटा वाहणाऱ्याला ते मुळीच नसते. सुट्या भागांची गोष्ट याहून बिकट आहे. कारखान्यातील उत्पादन थांबले, की एक ट्रक चालविण्यासाठी दुसरा फोडावा लागतो. म्हणून पुष्कळ मालक बाजारात सहज मिळणारे इंजिन बसवितात. त्याला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते, हे त्यांना पासिंगच्या वेळी उमगते.

तेवढ्यावर मालकाचे नुकसान संपले असते, तर लोकांनी त्याची चिंता करण्याचे कारण नव्हते. पण ब्रेक हा खासगी मामला नव्हे. अमेरिकी सेनेच्या ‘एम-३५’ ट्रकात, जो तेथेही हजारो नागरिकांनी लिलावात घेतला, ब्रेकचा द्रवमार्ग एकेरी होता. एक नळी फुटली की सर्व चाकांचा पायब्रेक गेला. जुन्या आराखड्यांतील असे दोष सेनेच्या कडक देखभालीत झाकले जातात, उधारीवर चालणाऱ्या गॅरेजात नाही.

कायदा येथे रंगाविषयी दक्ष आहे. १९८९ च्या मोटार वाहन नियमांनुसार लष्करी हिरवा रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना लावता येतो. १९८८ च्या कायद्याचे कलम ६० सांगते, की संरक्षणाचे काम सुटताच वाहनाला सर्वसाधारण नोंदणी लागू होते. परंतु विक्री होते ती ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दाखविले, की विकणाऱ्याला मालाची खोट ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगल्या मालालाही सरासरीच भाव येतो. म्हणजे धड ट्रक मातीमोलाने देऊन सरकारही स्वतःचे नुकसानच करून घेते.

२०२३ साली केंद्राने पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी संपवून ती अधिकृत मोडणी केंद्रांकडे पाठविण्याचा नियम केला. सवलत ठेवली ती संरक्षण व कायदा-सुव्यवस्थेच्या कामी लागणाऱ्या चिलखती व इतर खास वाहनांना. धूर व धोका पाहता हे धोरण समजण्यासारखे आहे. मात्र वय हा एकच निकष लावणे म्हणजे निदान टाळणे होय. जेथे जेथे लष्करी वाहने नागरिकांना विकली जातील, तेथे प्रत्येक ट्रकासोबत त्याच्या लॉगबुकाची प्रत, शेवटच्या दुरुस्तीची नोंद, ‘बी.ई.आर.’ ठरविण्याचे कारण आणि ब्रेकच्या तपासणीचा दाखला दिला पाहिजे. हे कागद बहुतांशी आधीच तयार असतात. ते जोडले तर काही ट्रकांवर बोली वाढेल, काहींवर ती येणारच नाही. ज्यांच्यावर ती येणार नाही, ते ट्रक आवारातूनच थेट मोडणीला जावेत.